बाथरूमची दहा उसनी मिनिटं

निळ्या स्कूटरच्या कर्जाला जामीन म्हणून आत्याची सही हवी होती. आत्या क्रेडिट कार्डाच्या कंपनीत वसुलीच्या फोनवर बसते. थकबाकीदारांशी इतक्या गोड आवाजात बोलते की काही लोक तिला परत फोन करून आपली तब्येत सांगतात. मी अर्ज पुढे ठेवला. तिने पेनचं टोपण काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपण पुन्हा लावलं.

आधी महिनाभर बाथरूम, म्हणाली.

आमच्या घरात माणसं चार आणि बाथरूम एक. मी, आई, आत्या आणि धाकटी बहीण. तिला सगळे चिमटी म्हणतात, कारण ती बोलली की चिमटा बसतो. आत्याने बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला. सकाळी प्रत्येकाला पंधरा मिनिटं. जास्त लागली तर आत्याकडून उसनी मिळतील. रोज रात्री दर दहा मिनिटांमागे एक मिनिट व्याज. रोज निदान एक मिनिट फेडायचं, म्हणजे आपल्या पंधरातून कापून द्यायचं. महिनाअखेर माझ्या नावावर काही देणं नसेल तर सही, नाहीतर स्कूटर दुकानाच्या काचेतच शोभते.

मला हे किरकोळ वाटलं. मी बाथरूमच्याच धंद्यात आहे. नळ आणि फरशांच्या शोरूममध्ये नोकरी करतो. तिथे चौदा बाथरूम आहेत आणि एकातही पाणी नाही.

पहिल्याच दिवशी डोक्याला साबण असताना दार वाजलं. मी दहा मिनिटं उसनी घेतली. कसलीही चौकशी न होता मिळाली. इतक्या सहज मला आजवर कोणी रुमालही दिलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी इमानेइतबारे रोज एक मिनिट फेडू लागलो. चौदा मिनिटांत आंघोळ होते, दाढी होते, फक्त कानामागे जाणं जमत नाही. सहा दिवसांनी दारावरचा कागद पाहिला. देणं, दहा.

राग आला नाही. सहा मिनिटं मी स्वतः दिली होती, मग ती गेली कुठे, एवढंच कळेना. दुसऱ्या दिवशी लवकर उठून घड्याळ घेऊन दाराबाहेर स्टुलावर बसलो. आईने कुठल्या शोधात आहेस म्हणून विचारलं आणि उत्तर न ऐकता आत गेली. ती पंधरा मिनिटांत बाहेर. आत्या सोळा. पूर्वी आंघोळीत तिच्या गाण्याचं शेवटचं कडवं राहून जायचं. आता ते सावकाश, ताना घेऊन पूर्ण होत होतं. माझं व्याज ते कडवं होतं.

"आत्या, असं रोज एकेक मिनिट फेडलं तर कधी संपेल?"

तिने केस पुसता पुसता विचार केला. "नाही संपणार. म्हणून तर मला परवडतं."

मग मी चिमटीकडे गेलो. तिचं पाण्याशी पटत नाही, तिची आंघोळ चार मिनिटांत उरकते, त्यामुळे शिल्लक भरपूर. ती बिनव्याजी दहा मिनिटं द्यायला तयार झाली. फक्त चिठ्ठी हवी म्हणाली. ती लिहून घेऊन आली तेव्हा मी दात घासत होतो. ब्रश तोंडात ठेवूनच सही केली. चिमटीची दहा मिनिटं आत्याला देऊन मोकळा झालो. आत्याने कागदावर माझ्यापुढे शून्य काढलं, अभिनंदन केलं आणि यापुढे मला एका वेळी वीस मिनिटं उसनी मिळू शकतील असं कळवलं.

महिना संपायला चार दिवस होते. सकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, खांद्यावर टॉवेल, हातात माझी चिठ्ठी. त्यांच्याकडचा नळ बंद पडला होता. फ्रॉकला दोन चोरखिसे शिवून देण्याच्या बदल्यात चिमटीने मला त्यांना विकलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, जो कोणी ही घेऊन येईल त्याला, तो मागेल त्या दिवशी, सलग दहा मिनिटं. खाली माझी सही आणि टूथपेस्टचा थेंब.

"पोरा, पाणी गरम आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

ते दहा मिनिटांनी बाहेर आले. मापात चूक नाही. माझ्याकडे पाच उरली. दाढीचा डावा गाल झाला आणि दारापलीकडून आत्याचा ऑफिसातला आवाज आला.

"नमस्कार. आपल्यासाठी वीस मिनिटं मंजूर आहेत. आपण फक्त दार उघडू नका."

पाणी खरंच गरम होतं. मी वाफ धरलेल्या आरशावर बोटाने हिशोब केला. वीस घेतली, रोज एक फेडलं, तर चार दिवसांनी देणं चोवीस. दोनदा करून पाहिला. आरसा ऐकेना. मी दार उघडलं.

शोरूममध्ये मालकीणबाईंनी मला दिवसभर डावा गाल गिऱ्हाईकांकडे करून उभं केलं. तरी एका गिऱ्हाईकाने आरशात दोष आहे का म्हणून विचारलंच.

महिना संपला. कागदावर माझ्यापुढे शून्य. आत्याने अर्ज समोर ओढला, टोपण काढलं. नऊ पानांचा अर्ज. तीन ठिकाणी माझी सही आधीच झालेली, आणि ती कशाखाली केली हे मला आठवेना. टूथपेस्टचा थेंब तेवढा नव्हता.

थांब, म्हणालो आणि अर्ज घेऊन बाथरूममध्ये गेलो. घरात खात्रीने माझी अशी तीच पंधरा मिनिटं होती. बादलीवर बसून वाचू लागलो. चौथ्या पानावर 'किमान हप्ता' सापडला. ओळखीचा वाटला, म्हणून तीच ओळ पुन्हा वाचली, मग बोटाने फरशीवर गुणाकार केला. दार वाजलं.

"वेळ संपली. आणखी हवी आहे का?" आवाज अगदी गोड.

मी कोरडाच बाहेर आलो. "पाच पानं राहिली. उद्या वाचतो."

आत्याने पेनाला टोपण लावलं, टॉवेल घेतला आणि आत गेली. गाणं सुरू झालं नाही. थोड्या वेळाने आतून हाक आली, फोनवरच्या नाही, घरच्या खरखरीत आवाजात.

"गाढवा, सातव्या पानावरचं बारीक अक्षर आधी वाच. मोठ्याने. मलाही ऐकू दे."