दोन हातांची बाकं

"पातं आत कोणी घेतलं?" माझ्या पोटाखालून बोट फिरवत सुतारबाबा सकाळी सकाळी कुरकुरले.

"उंदीर असेल," त्यांची बायको आतून म्हणाली.

"उंदीर रंध्याचं पातं आत घेतो?"

"हल्लीच्या उंदरांचं काही सांगता येत नाही हो."

मित्रांनो, उंदीर बिचारा निर्दोष होता. मी एक जुना रंधा आहे. माझ्या पात्या-पाचरीला कोणाचा हात लागला हे मला नाही कळणार तर कोणाला?

मी मूळचा शिसवीचा ठोकळा. बाबांच्या गुरूंनी मला घासूनपुसून गुळगुळीत केलं तेव्हा मी भलताच खूश होतो. मग त्यांनी पटाशी उचलली आणि माझ्या पोटात आरपार भोक पाडलं. एवढ्या चांगल्या लाकडाचा असा सत्यानाश कशासाठी, मला कळेना. पुढे त्या भोकात पोलादी पातं बसलं, वर पाचर ठोकली गेली. पहिल्यांदा फळीवरून सरकलो आणि एक लांब कुरळं सालपट त्याच भोकातून वर आलं. तेव्हा कळलं. सगळ्याच भोकांचं कारण इतक्या लवकर कळत नाही, हे मात्र फार उशिरा कळलं.

चाळीस वर्षं मी बाबांच्या हातात आहे. दारं, कपाटं, पलंग, सगळं केलं. रोज काम सुरू करण्याआधी ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "देवा, काम तुझं, हात माझे. सांभाळून घे." लोक वाखाणायचे ते बाबांना, पण बाबा संध्याकाळी मला तेल लावायचे, म्हणून माझी तक्रार नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणी मला मागायची. "हे मुलींचं काम नाही," म्हणून बाबा मला वरच्या फळीवर ठेवायचे. ती खाली सालपटांत बसून त्यांचे हात बघत राहायची. पुढे लग्न होऊन गेली, आणि सात वर्षांनी नवरा वारला तशी एक पेटी घेऊन परत आली. भेटायला येणारा जो तो म्हणे, "देवाच्या मनात काहीतरी असेल."

"मग त्याने ते एकदा सांगून टाकावं," ती म्हणायची आणि चहाचे कप उचलायची.

त्यानंतर बाबांचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी हात टेकले. बाबांची प्रार्थना आखूड झाली: "देवा, डोळे तेवढे राहू दे." लाकडाला रेघा असतात, मित्रांनो. रेघेच्या दिशेने मला सरकवलं तर फळी रेशमासारखी होते. उलट्या दिशेने ढकललं की लाकूड उसवतं, कुसळं उभी राहतात. बाबा मला उलटं ढकलू लागले. सगळ्यांना दिसलं. कोणी बोललं नाही. काम गेलं तर या माणसात उरणार काय, हीच भीती सगळ्यांना.

त्यातच शाळेच्या वीस बाकांचं काम आलं. तुमच्यासारखीच मुलं त्यांवर बसणार. एका जरी पोराच्या मांडीत कुसळ गेलं असतं, तरी सगळ्या गावासमोर बाबांची शोभा झाली असती.

म्हणून दुपारी बाबा आडवे झाले की मुलगी मला उचलायची. पातं थोडं आत घ्यायची, कारण तिचा हात हलका. बाबांनी उसवलेली फळी पुन्हा साफ करायची आणि पातं होतं तसं बाहेर काढून ठेवायची. रंध्याचा आवाज झाकायला आई आत भांडी आपटायची. एकोणीस बाकं अशी झाली. काल घाईत मुलगी पातं बाहेर काढायला विसरली, आणि उंदरावर आळ आला.

जाता जाता एक सांगतो. घरात जुनं अवजार असेल तर त्याला गंजू देऊ नका. अधूनमधून तेल लावा, हातात घ्या. ते कोणासाठी राखलंय हे तुम्हाला आज ठाऊक नसेल, मलाही नव्हतं.

आज दुपारी विसावं बाक. मी सरसर चाललो होतो. आत भांडी वाजली, जरा जास्तच वाजली, आणि एकदम थांबली. दारात बाबा उभे होते.

ते भिंत चाचपत आले. बाकावर तळवा फिरवला, इकडून तिकडे, दोनदा.

"तुमचंच काम आहे हो," आई घाईघाईने म्हणाली. "ती नुसता भुसा झाडत होती."

"हा हात माझा नाही," बाबा म्हणाले. "माझ्यापेक्षा हलका आहे."

मुलीने मला खाली ठेवलं. बाबांनी चाचपत मला शोधलं, पाठीवर हात ठेवला आणि सवयीने पुटपुटले, "देवा, काम तुझं..." पुढचं अडलं. मग त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिलं.

"लहानपणी मागितलास तेव्हा दिला नाही. वर्षभर मी देवाकडे डोळे मागत बसलो, आणि त्याने काय देऊन ठेवलंय तेच बघितलं नाही."

"बाबा, तुम्ही..."

"मला दिसत नाही, पोरी. आता तू चालव."