माझा एकुलता एक दात

मित्रांनो, गाडीत बसलं की सगळे माझ्याकडे तोंड करून बसतात आणि बघतात मात्र माझ्यावरून पलीकडे, रस्त्याकडे. मला त्याचा राग नाही. मी एका जुन्या पिकअपचा डॅशबोर्ड आहे. लोकांना रस्ता दिसावा आणि आपण खाली राहावं, हाच माझा धर्म.

एका मोठ्या कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं गेलं आणि निवल्यावर मी बाहेर आलो. मला वेगाचा काटा मिळाला, डिझेलचा काटा मिळाला, एक कप्पा मिळाला आणि वारा सोडायला चार जाळीदार तोंडं मिळाली. शिवाय माझ्या पाठीमागे, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, पाठ्यपुस्तकाएवढं एक यंत्र बसवलं. त्याचं नाव हीटर कोअर. इंजिनात तापलेलं पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून फिरायचं, पंखा त्याच्यावर वारा घालायचा आणि तो वारा ऊबदार होऊन माझ्या तोंडांतून बाहेर पडायचा. लोक म्हणायचे, "काय ऊब आहे हो तुमच्या गाडीत." काम त्याचं, कौतुक माझं. मी आपला गप्प बसून ऐकून घ्यायचो.

मी आलो तो एका रोपवाटिकेत. गाडी चालवायची भुंगीची आई. भुंगी सारखी गुणगुणते म्हणून भुंगी. खरं नाव शाळेच्या हजेरीत असेल कुठेतरी. हिवाळ्यात आम्ही घाट चढून वरच्या थंड गावाला रोपं पोचवायचो. मोठी झाडं मागच्या हौद्यात, आणि नाजूक रोपं पुढे, भुंगीच्या मांडीवर, माझ्या उबेसमोर. काचेबाहेर धुकं असायचं, आत मातीचा वास असायचा, आणि मला वाटायचं की आपण गाडी नसून एक चालतीबोलती बाग आहोत.

भुंगी पहिलीत असताना तिचा पुढचा दात पडला. माझ्या मधल्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "तुला एवढी तोंडं आणि दात एकही नाही? घे." आणि टाकला की आत. तेव्हापासून खड्डा आला की माझ्या पोटात खुळखुळ व्हायची. आईने मेकॅनिकला दाखवलं, त्याने कान लावून ऐकलं, पण पत्ता काही लागला नाही. भुंगी शेजारी उभी राहून आभाळाकडे बघत होती.

मग मी म्हातारा झालो. इंजिनाचं पाणी थोडं थोडं गळायला लागलं. त्यावर आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, कुठेतरी ऐकलेला उपाय केला. रेडिएटरमध्ये अंडं फोडून घातलं. अंडं शिजतं आणि भोक बुजतं म्हणे. गळती थांबली, आजोबा मिशीतल्या मिशीत हसत हिंडले, आणि काही दिवसांत ऊबही थांबली. पुढे काचा आतून धुरकटू लागल्या, गाडीत गोडसर वास भरला, पायाखालचं पायपुसणं ओलं राहू लागलं. एके दिवशी घाटात मांडीवरची टोमॅटोची रोपं काळी पडून माना टाकून बसली. भुंगी उतरेपर्यंत एक सूर काढेना.

मेकॅनिक म्हणाला, "हीटर कोअर फुटलाय, ताई. नवा आणून देतो, पण तो बसवायला अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. माझ्याकडे आत्ता गाड्यांची रांग आहे. त्यापेक्षा हिला भंगारात द्या."

आईने मान डोलावली. भंगारवाला सोमवारी येणार असं ठरलं.

रविवारी सकाळी भुंगीची मावशी आली. मावशी कोट शिवते. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी उसवायच्या शिवणीकडे बघतं.

"अस्तर बदलायला अख्खा कोट उसवतेच की मी," ती म्हणाली.

"हा कोट नाही गं, गाडी आहे," आई म्हणाली.

"मग काय झालं? उसवताना लक्षात ठेवायचं, शिवताना आठवायचं. उद्या तशीही भंगारात जाणार आहे, बिघडून बिघडून काय बिघडेल?"

तिने खाकी कागद पसरला आणि बेतायचा खडू घेऊन माझं चित्र काढलं, बाहीचं बेतावं तसं. निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्याच जागी टोचून ठेवायचा, असा तिचा नियम. आधी बॅटरीची तार सुटली आणि माझे काटे झोपले. मग एकेक वायर सुटत गेली तसा मी एकेक गोष्ट विसरत गेलो. आधी वेग विसरलो, मग दिवे, मग वाजले किती तेही. शेवटी दोघी बहिणींनी दोन्हीकडून धरून मला अलगद बाहेर काढलं आणि उघड्या खिडकीजवळच्या टेबलावर, मावशीने सोबत आणलेल्या अर्धवट शिवलेल्या कोटांशेजारी, उताणं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात आणि आभाळात काच नव्हती. एक ढग इतका सावकाश गेला की त्याचा वेग मोजायला काटा नव्हता, हेच बरं वाटलं.

तिकडे मावशीने जुना हीटर कोअर उपसून काढला. आत पांढरट गठ्ठे.

"बाबा, हे ऑम्लेट तुमचं का?"

आजोबांनी एकदम वर्तमानपत्र उलगडलं.

मग मावशीच्या चिमटीत दात आला. आईने दाताकडे बघितलं, मग भुंगीकडे.

"त्याला एकही नव्हता," भुंगी म्हणाली.

आई किती दिवसांनी हसली म्हणून सांगू. तिच्या हसण्याने टेबलावर पडल्या पडल्या मीसुद्धा हललो.

नळ्या पाण्याने धुऊन निघाल्या, मेकॅनिककडून आणलेला नवा हीटर कोअर बसला, मी माझ्या जागी परत गेलो. कागदावर एकही स्क्रू उरला नाही. नवं पाणी भरलं, इंजिन सुरू झालं, पंखा फिरला, आणि माझ्या चारही तोंडांतून गार वारा आला.

आईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "पुष्कळ केलंत. उद्या नेऊ दे त्याला," ती म्हणाली. भुंगीने दोन्ही हात माझ्या जाळीवर धरून ठेवले होते, जणू मलाच ऊब हवी होती.

वर्तमानपत्रामागून आवाज आला. "तिला ढेकर आली का?"

"बाबा, आधी अंडं, आता ढेकर," मावशी म्हणाली.

"कर थट्टा. तान्ह्या बाळाला दूध पाजून आडवं टाकता का तुम्ही? नळ्यांत हवा अडकली की गरम पाणी पुढे सरकत नाही. चढावर तोंड वर करून उभी करा. गार आहे तोवर रेडिएटरचं झाकण उघडा, आणि मग इंजिन चालू ठेवा. घाई करू नका."

आईने गाडी अंगणातल्या चढावर लावली. आम्ही वाट बघत राहिलो. उन्हं कलली. मग रेडिएटरमधून एक बुडबुडा आला, बुडुक. पाठोपाठ दुसरा, आणि मग एक भलीमोठी, अगदी तृप्त ढेकर. माझ्या आत काहीतरी हळूहळू पसरत आलं, आणि भुंगीच्या तळव्यांना कळायच्या आधी मला कळलं.

भुंगी गुणगुणायला लागली. आजोबांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. सोमवारी भंगारवाला आला तेव्हा आईने त्याच्या हातात फक्त जुना हीटर कोअर ठेवला. इतकी वर्षं ज्याच्या उबेवर मी मिरवलो, तो मी पहिल्यांदाच उजेडात बघितला. केवढासा होता.

म्हणून सांगतो, मित्रांनो, ऊब जिथून येताना दिसते तिथून ती नेहमी येतेच असं नाही. तिच्यामागे कुणीतरी असतं. ते थकायच्या आधी एकदा डोकावून बघा. गाडीचं पाणी वेळच्या वेळी बदला. आणि अंडं ताटात घ्या.

आत्ता आम्ही घाटात आहोत. बाहेर धुकं आहे, भुंगीच्या मांडीवर रोपं पेंगताहेत. आणि माझ्या कप्प्यात, मावशीच्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेला माझा एकुलता एक दात आहे. इतक्या थंडीतही तो वाजत नाही.