नुहादच्या मशीनची वणवण

मित्रांनो, मी विजेवर चालणारं शिलाईचं एक जुनं मशीन आहे. सध्या माझा मुक्काम एका तंबूत आहे. पण माझं खरं घर गाझा शहरातल्या शुजैया वस्तीत होतं.

नुहाद माझी मालकीण. तिच्या हाताखाली मी नवऱ्यामुलींचे झगे शिवले, ईदचे फ्रॉक शिवले. बायका शिवण उलटून बघत आणि म्हणत, "नुहाद, टाका दिसतच नाही गं." मला फार बरं वाटायचं.

मग इस्रायली सैन्याचा घर सोडायचा हुकूम आला. गाढवगाडीत जागा थोडी. नुहादच्या सासूबाई, हज करून आलेल्या हज्जा वसफिया, म्हणाल्या, "लोखंड खाणार आहेस का? ते राहू दे इथंच."

"माझी गादी राहू दे," असं म्हणून नुहादने गादी खाली टाकली आणि मला वर चढवलं.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. खान युनिसच्या एका शाळेत अकरा दिवस, मग रफाह, मग समुद्रकाठची वाळू. जरा टेकावं तो पुन्हा बांधाबांध. वाळूने माझे दाते करकरू लागले. वीज नव्हती, म्हणून नुहादच्या नवऱ्याने, शौकीने, मोडक्या सायकलला पट्टा लावून तो माझ्या चाकाला जोडला. तो पेडल मारायचा, ती शिवायची. ब्लँकेटांचे कोट, चादरींचे लंगोट, फाटके तंबू.

"दमलास का रे?" ती विचारायची.

"जेरुसलेम आलं की सांग, तिथं उतरतो."

एका सकाळी शौकी मदतीचं पीठ वाटत होते तिथे पीठ आणायला गेला. तिथे गोळीबार झाला. दुपारी चौघांनी त्याला खांद्यावरून आणलं.

त्यानंतर नुहाद माझ्याकडे बघेना. खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढला. कितीतरी दिवस सायकल रिकामी होती. शेजारीण पोराचा फाटका कोट घेऊन यायची आणि तशीच परत जायची.

तिसऱ्यांदा ती परत निघाली, तेव्हा हज्जांनी तिच्या हातातून कोट घेतला. झगा सावरत, कण्हत त्या सायकलवर चढल्या.

"हज्जा, पडाल," नुहाद म्हणाली.

"पडले तर उचल. माझ्या लेकाचं काम आहे, ते मी परक्याला देणार नाही. तू दोरा ओव. मला दिसत नाही."

नुहादने दोऱ्याचं रीळ शोधलं. मग येऊन बसली. हज्जांचं पेडल कधी जोरात, कधी बंद. टाके वेडेवाकडे पडत होते. नुहाद ते उसवत होती, पुन्हा घालत होती. दोघी रडत होत्या. पण संध्याकाळपर्यंत कोट झाला.

आज सकाळी विमानातून पुन्हा जागा सोडायच्या हुकमाचे कागद पडले आहेत. हज्जा मला जुन्या चादरीत गुंडाळताहेत आणि नुहादला बजावताहेत, "आधी हे उचल, मग मला."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं मशीन कोपऱ्यात उभं असेल. त्याला दोन थेंब तेल घाला. आणि त्याच्यावर कोण बसायचं, कोणासाठी शिवायचं, हे घरातल्यांना एकदा विचारा. सांगणारी माणसं जवळ आहेत, तोवरच विचारा.