नानांचे टोमॅटो आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीचा रंग बोटं लागून लागून उडाला आहे आणि माझा स्वभाव जरा संशयी आहे. तो जन्मजात नाही. माणसांच्या खिशात आणि उशाशी इतकी वर्षं काढली की कुणालाही जडेल. तोंडाने एक बोलणारी आणि बोटांनी दुसरंच लिहिणारी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या हातांनी माझे बारीक स्क्रू पिळले, मला पुसून खोक्यात निजवलं आणि दुकानात पाठवलं. तिथून मला एका तरुण मुलीने नेलं. ती अ‍ॅपची डिझाइनर होती. म्हणजे फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं आणि ते दाबल्यावर पुढे काय दिसावं, हे ठरवणं तिचं काम. सुरुवातीला तिने मला फुलासारखं जपलं. मग मी एकदा जिन्यावरून पडलो, काच तडकली, तिच्याकडे मोठा, चकचकीत फोन आला आणि माझी रवानगी ऑफिसातल्या खणात झाली. तिथे माझ्या सोबतीला एक मोडका स्टेपलर आणि कुठल्याही कुलपाची नसलेली एक किल्ली होती.

त्या खणातून मी बाहेर आलो तो एका नव्या अ‍ॅपमुळे. ज्यांनी आयुष्यात कधी कुंडीला हात लावला नाही, त्यांना घरच्या घरी भाजी पिकवायला शिकवणारं ते अ‍ॅप होतं. महिनोन्‌महिने ऑफिसच्या भिंतीवर रंगीत कागद चिकटत होते. बी किती खोल पेरायचं, ऊन किती लागतं, कोणत्या आठवड्यात काय दिसायला हवं. पाणी घालायची आठवण करायला रोज एक घंटी वाजणार होती. रोज रोपाचा फोटो काढायचा होता. आणि फोटोखाली प्रश्न होता, ‘आज रोप कसं आहे?’ उत्तरासाठी तीन हसरे चेहरे होते : ‘छान’, ‘खूप छान’ आणि ‘एकदम मस्त’.

“एखादा पडलेला चेहरा नको का?” डिझाइनरने विचारलं होतं.

“कशाला?” तिचे साहेब म्हणाले होते. “लोक दिवसभर वैतागलेले असतात. आपण तरी त्यांना रडवायला नको.”

मी टेबलावरच होतो. मला ते हसरे चेहरे पहिल्यापासून पटले नव्हते. जो सतत हसतो तो काहीतरी लपवतो, असा माझा अनुभव आहे. पण फोनचं मत कोण विचारतो?

अ‍ॅप बाजारात आणण्याआधी ते काही अगदी नवख्या माणसांना वापरायला द्यायचं ठरलं. डिझाइनरने मला पिशवीत टाकलं आणि थेट सासऱ्यांच्या घरी नेलं.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. ते बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर अजून ड्यूटीवरच होती. दारात आलेल्या माणसाच्या ते आधी हाताकडे बघत आणि मग तोंडाकडे.

“नाना, तुमच्याइतकं नवखं माणूस मला शोधून सापडणार नाही,” सून म्हणाली. “बाल्कनीत टोमॅटो लावायचे. हा फोन सांगेल तसं करायचं. बस्स.”

“फोन मला सांगणार?” नानांनी मला उलटसुलट करून पाहिलं. “आणि मी काय करतो ते तुला सांगणार. म्हणजे माझ्यावर इन्स्पेक्टर नेमलास म्हण की!”

“अहो, तसं नाही हो. तुमच्या फोटोंवरून आम्हाला कळेल की आमचं सांगणं बरोबर आहे का.”

तिचा नवरा, म्हणजे नानांचा मुलगा, सोफ्यावर बसून हसला. “नानांच्या हातून काही उगवायचं नाही. लिहून घे माझ्याकडून.”

नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं विनातिकीट प्रवाशाकडे पाहत असतील. मग मला वरच्या खिशात टाकलं. “उगवतं की नाही बघच तू.”

पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर औषधाच्या दुकानातली पट्टी चिकटवली. रात्रभर मी एका जुन्या पायमोज्यात असायचो आणि तो पायमोजा डब्यात. “यांना कान असतात म्हणे,” ते स्वतःशीच पुटपुटायचे. सकाळी घंटी वाजली की डबा उघडायचा, पायमोजा उतरायचा, पट्टी निघायची, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघत बाल्कनीत जायचो.

काम मात्र त्यांनी मनापासून केलं. रंगाचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा घासून पुसून घेतला. माती भरली, बी पेरलं. घंटी वाजली की पाणी. एक दिवस चुकवला नाही. हिरवे अंकुर वर आले तेव्हा त्यांनी पट्टी काढताना थोडी घाईच केली. तो फोटो हलला होता, पण सुनेने लगेच फोन केला. “नाना, कमाल केलीत! साहेबांना दाखवला मी. ऑफिसात सगळे तुमचंच नाव घेतायत.”

नाना त्या दिवशी शीळ घालत फिरत होते.

मग रोपं पिवळी पडायला लागली. नानांना वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी पाणी वाढवलं. रोपांनी मान टाकली. एका सकाळी सगळीच आडवी झालेली होती आणि मातीला कुबट वास येत होता. नाना स्टुलावर बसून राहिले. मी त्यांच्या हातात होतो आणि माझ्यावर प्रश्न चमकत होता, ‘आज रोप कसं आहे?’ त्यांनी तिन्ही चेहरे नीट पाहिले. पडदा डावीकडे ओढून पाहिला, उजवीकडे ओढून पाहिला. चौथा चेहरा कुठेच नव्हता.

“आता काय करायचं रे?” ते मला म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले होते.

त्या दुपारी मी कधी नव्हे तो भाजीच्या पिशवीत, वर्तमानपत्राखाली दडवलेला होतो. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नाना दबकत जिना चढत होते. मधेच थांबून कानोसा घेत होते. वर गच्चीवर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंची टोमॅटोची झाडं होती. काठ्यांना बांधलेली, तजेलदार. नानांनी एका कोवळ्या फांदीचा अगदी जवळून फोटो काढला, ‘छान’ वर बोट ठेवलं, मला खिशात टाकलं आणि झपझप खाली आले. मित्रांनो, ज्या माणसाने जन्मभर बसमधल्या लबाड्या पकडल्या, त्याची छाती त्या दिवशी धडधडताना मी खिशातून ऐकली आहे.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी ‘खूप छान’. मग फुलं आली, बारकी हिरवी फळं धरली, आणि नाना ‘एकदम मस्त’ पर्यंत पोचले.

तिकडे सून खूश होती, पण आंधळी नव्हती. चित्रातली चूक हेरायचा तर तिचा धंदाच होता. एक दिवस तिचा फोन आला.

“नाना, बाल्कनीत दुपारचं ऊन येतं का हो?”

“येतं की. कधीकधी.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे? वरून!”

“बरं,” ती म्हणाली. ते ‘बरं’ मला मुळीच बरं वाटलं नाही. नानांनाही वाटलं नसावं, कारण फोन ठेवताच त्यांनी मला लगेच पायमोज्यात कोंबलं.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. सून आली होती, न कळवता. मी टेबलावर होतो. ती थेट बाल्कनीकडे निघाली.

“दार अडकलंय गं,” नाना म्हणाले. “लाकूड फुगलंय. आधी चहा तर घे.”

“अडकलंय तर फोटो कसे काढता रोज?”

नाना काही बोलणार, इतक्यात उघड्या दारातून नर्सबाई आत आल्या. रात्रपाळी करून आल्या होत्या. डोळे लाल, आवाज खणखणीत.

“बरं झालं तुम्ही भेटलात. तुमचे सासरे रोज दुपारी फोन घेऊन गच्चीवर येतात. मी झोपलेय की नाही ते आधी खिडकीतून बघतात, मग माझ्या झाडांमध्ये शिरतात. हा काय प्रकार आहे? टोमॅटो तर एकही कमी झालेला नाही. मग हे तिथे करतात तरी काय?”

नानांचे कान लाल झाले. शेवटी ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “फोटो काढतो. माझी रोपं कधीच गेली.”

सुनेचा चेहरा पडला. “कधीच म्हणजे? नाना, उद्या साहेब अ‍ॅपवर शेवटचा हात फिरवणार आहेत. तुमचे फोटो दाखवून मी सगळ्यांना सांगितलंय की आमची पद्धत चालते. मला एकदा सांगायचं तरी!”

“सांगणार कुठे?” नानांनी मला उचलून तिच्यासमोर धरलं. “हा रोज विचारतो, छान, खूप छान की एकदम मस्त? मेलं म्हणायला जागा कुठाय? आणि तू तिकडे माझं नाव घेतेस. माझ्यामुळे तुझं काम अडलं असतं, तर कुठल्या तोंडाने आलो असतो तुझ्यासमोर?”

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावलीही असावी. पण ती उठली आणि तिने बाल्कनीचं दार ढकललं. ते अर्थातच अडकलेलं नव्हतं. तिने डबा तिरका केला. काळं, घाण वासाचं पाणी बाहेर आलं.

“याला खाली भोकं पाडली नाहीत?”

“भोकं? भोकं पाडायला कोण म्हणालं?”

“अ‍ॅपमध्येच लिहिलंय.”

“दाखव.”

तिने माझ्यावर पहिली पायरी उघडली. ‘डबा घ्या. स्वच्छ धुवा.’ त्याखाली ‘पुढे’ असं मोठं हिरवं बटण. बाकी काही नाही. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि बोटाने पडदा वर सरकवला. तेव्हा बटणाच्या आडून ती ओळ हळूच वर आली : ‘डब्याच्या तळाला भोकं पाडा, नाहीतर मुळं कुजतील.’

“ऑफिसात आमचे सगळ्यांचे फोन मोठे आहेत,” ती पुटपुटली. “तिथे ही ओळ आपोआप दिसते.”

“मला हे वर सरकवायचं असतं हे कुणी सांगितलं होतं?” नाना म्हणाले. “आणि वर रोज घंटी. पाणी घाला, पाणी घाला. माती ओली आहे का, हे त्याने एकदा तरी विचारलं?”

नर्सबाई दारातूनच म्हणाल्या, “मी तर मातीत बोट घातल्याशिवाय पाणी घालतच नाही.” मग त्यांनी नानांकडे पाहिलं. “आणि फोटोच हवे होते, तर बेल वाजवायची होती. चोरासारखं कशाला यायचं?”

दुसऱ्या दिवशी सून मला घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. तिने काहीच लपवलं नाही. साहेबांनी डोळे बारीक केले. “सासऱ्यांनी एक गंमत केली म्हणून सगळं थांबवायचं? बाकीच्यांची रोपं मस्त आहेत की!”

“तेच तर मला खरं वाटत नाहीये,” ती म्हणाली. “फक्त एक बटण घालू द्या. ‘रोप गेलं.’ बाकी काही बदलू नका. कुणी दाबलं नाही, तर मी गप्प बसते.”

साहेबांनी नाक मुरडलं, पण नाही म्हणाले नाहीत. चौथं बटण आलं. त्यावर चेहरा नव्हता, नुसते दोन शब्द, आणि दाबल्यावर एखादी ओळ लिहायला जागा.

दुपारपर्यंत निरोपांचा नुसता सपाटा सुरू झाला. एका शिक्षिकेने लिहिलं, ‘मागच्याच महिन्यात गेलं. सांगायचं कसं ते कळेना.’ एका टॅक्सीवाल्याने बायकोच्या माहेरच्या कुंडीचे फोटो पाठवले होते. एका आजोबांनी तर बाजारातून रोप विकत आणून लावलं होतं, आणि तेही गेलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी तेच बटण दाबलं.

साहेबांनी पडदा वरखाली सरकवून पाहिला. “मग इतके दिवस ‘मस्त’ म्हणत होते ते कोण?”

“हेच सगळे,” डिझाइनर म्हणाली.

अ‍ॅप लांबणीवर पडलं. बरीच बोलणी बसली, तीही तिलाच. पण घंटी आता ‘पाणी घाला’ म्हणत नाही. ‘मातीत बोट घालून बघा’ म्हणते. भोकांची ओळ सगळ्यात वर आली. आणि प्रत्येक नवा पडदा आधी माझ्या तडकलेल्या काचेवर तपासायचा असा नियम झाला. मला कुणी परत खणात टाकलं नाही, हे मात्र अभिमानाने सांगतो.

अधूनमधून मी अजून नानांकडे राहायला जातो. पायमोजा गेला, पट्टीही गेली. त्यांनी नव्याने बी पेरलं. या खेपेला दोन रोपं गेली, आणि दोन्ही वेळा त्यांनी बटण दाबून तसं सांगितलं. एक जगलं. त्याला एक टोमॅटो लागला, वाकडातिकडा, एका बाजूने अजून हिरवट.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. “नाना, पिकला ना? फोटो कुठाय?”

“फोटो काढायचा राहिलाच,” नाना तोंड पुसत म्हणाले. “खाल्ला.”

मी कान टवकारले. पुरावा नाही, साक्षीदार मी एकटा, आणि समोर पूर्वी इतके खोटे फोटो पाठवलेला माणूस. मी तिच्या जागी असतो तर नक्कीच संशय घेतला असता.

ती म्हणाली, “गोड होता?”

“आंबट,” नाना म्हणाले. “पण चांगला होता.”

मित्रांनो, मी संशयी आहे आणि बहुधा असाच राहीन. पण तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी म्हातारपणी किंवा लहानपणी काहीतरी नवं शिकत असेल, तर ‘कसं चाललंय?’ असं विचारताना त्याला ‘वाईट’ म्हणायलाही जागा ठेवा. आणि त्याने तसं सांगितलंच, तर हसू नका. त्याच्याजवळ बसा, आणि पुन्हा पेरायला त्याला मूठभर माती आणून द्या.