माईकच्या उजवीकडची जागा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. केंटकीच्या डोंगरातल्या एका छोट्या गावी, काचेच्या कपाटात राहते. माझा रंग उडाला आहे, पाठीला एक तडा आहे आणि माझ्या पोटात सापाची शेपटी आहे. घाबरू नका, साप केव्हाच मेला. पण त्या शेपटीची हकिकत सांगायलाच हवी, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तिच्यामुळेच उगवला.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाच दिवशी एकाच फळीवर वाळत होत्या, त्यामुळे मला घराण्याचा तोरा वगैरे नाही. स्टँपर नावाच्या एका खाणकामगाराने मला टपालाने मागवले. त्याला दोन मुली होत्या. थोरली डेल्फी आणि धाकटी व्हर्ना. मी खोक्यातून बाहेर आले तशी डेल्फीने मला उचलले ते खाली ठेवायचे नावच घेईना. व्हर्नाने भोकाड पसरले.

"तिला गिटार, मग मला काय?"

त्याच आठवड्यात बापाने मक्याच्या शेतात एक खुळखुळ्या साप मारला होता. त्याची खुळखुळ वाजणारी शेपटी त्याने व्हर्नाच्या हातावर ठेवली. "ही घे आणि टाक गिटारच्या पोटात. उंदीर फिरकत नाहीत, आवाजही गोड होतो." आमच्या डोंगरात सगळेच असे करतात. व्हर्नाने डोळे पुसले, शेपटी माझ्या पोटात सोडली आणि बहिणीला ठणकावले, "आता अर्धी माझी!"

मित्रांनो, ते दिवस आठवले की आजही माझ्या लाकडात कळ येते. संध्याकाळी घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन झाला की दोघी ओसरीवर बसत. डेल्फी शेंगा सोलता सोलता गाणी रचायची. ओढ्याचे गाणे, बापाच्या कंदिलाचे गाणे. ती वरच्या सुरात गायची आणि व्हर्ना खालच्या. जिना चढताना कुणी आपल्या कोपराला आधार द्यावा, तसा व्हर्नाचा आवाज होता. तो असला की जाणवत नसे. नसला की मात्र पाय चुकायचा.

पुढे जवळच्या शहरातल्या रेडिओवर दोघी गाऊ लागल्या. तिथे दोघींत एकच माईक. डेल्फी त्याच्या डावीकडे, व्हर्ना उजवीकडे आणि डोकी एकमेकींना टेकलेली. गिटार डेल्फीच्या गळ्यात असल्यामुळे माझी मान डावीकडे बाहेर निघायची. एकदा घाईत दोघी उलट्या उभ्या राहिल्या आणि माझी मान थेट व्हर्नाच्या बरगडीत घुसली.

"अगं डेल्फे, आवर हिला! भोसकून मारेल मला!"

हे वाक्य रेडिओवरून अख्ख्या जिल्ह्याने ऐकले. त्यानंतर जागा कधी बदलल्या नाहीत.

मग गाण्यांच्या तबकड्या जिथे निघतात त्या नॅशव्हिलहून एक माणूस आला. त्याला डेल्फीची गाणी हवी होती, डेल्फीही हवी होती. पण आवाज एकच हवा होता. "बहिणी-बहिणींच्या जोड्या बाजारात पुष्कळ आहेत," तो म्हणाला. तेव्हा बाप गेलेला आणि आई अंथरुणावर. कुणी तरी घरी राहायलाच हवे होते.

"सफरचंदं झाडावरून उतरली की तुला न्यायला येते, व्हर्ने," बस येता येता डेल्फी म्हणाली.

"उगाच शब्द देऊ नकोस. जा तू."

सफरचंदे उतरली. डेल्फी आली नाही. तिची पहिली तबकडी निघाली आणि ती डोंगरापलीकडेही वाजू लागली. त्या काळी गाणे एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने गायचे अशी रीत होती. डेल्फी मात्र आपलेच गाणे आपल्या तोंडाने गायची, म्हणून ट्रक हाकणाऱ्यांना आणि विधवा बायांना वाटे, ही आपल्याच घरातले बोलते आहे. केवढाल्या सभागृहांत मी तिच्या छातीशी वाजले! टाळ्यांनी माझ्या तारा आपोआप थरथरायच्या.

पण एका गोष्टीचे कारण फक्त मलाच ठाऊक होते. एवढ्या मोठ्या मंचावर डेल्फी एकटी असायची, तरी ती माईकच्या डावीकडेच उभी राहायची. मान उजवीकडे कललेली. ध्वनीवाले वैतागायचे. माईक तिच्या तोंडासमोर सरकवायचे, की ही पुन्हा एक पाऊल डावीकडे!

"बाई, मध्ये उभ्या राहा की!"

"मी माझ्या जागेवरच आहे," ती म्हणायची.

वर्तमानपत्रांनी त्याला 'डेल्फीची ढब' असे नाव दिले. नव्या गायिका आरशासमोर तिची नक्कल करू लागल्या. खरे कारण मला कुणी विचारले नाही. गिटारला कोण विचारतो?

पुढे तिच्याकडे एक पांढरीशुभ्र गिटार आली, अंगावर शिंपल्यांत नाव जडवलेली. मंच तिचा झाला आणि मी पेटीत गेले. मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? तरीही नवे गाणे रचायचे झाले की डेल्फी मलाच बाहेर काढायची. गाणे पुरे झाले की थोडी थांबायची, खालचा सूर एकदाच गुणगुणायची आणि फोनकडे बघत बसायची. फोन तिने कधी लावला नाही. डोंगरातली माणसे मानी असतात. माफी मागण्यापेक्षा त्यांना गाणे लिहिणे सोपे वाटते. मला मात्र त्या खालच्या सुराची फार ओढ लागायची.

डेल्फी गेली. तिच्या गावाने तिचे छोटेसे संग्रहालय काढले आणि मी काचेत आले. माझ्या तारा सैल केल्या गेल्या. 'डेल्फीची गिटार. हात लावू नये' अशी पाटी लागली. लोक काचेला नाक लावून "किती सुंदर!" म्हणायचे आणि पुढे जायचे. मित्रांनो, न वाजणाऱ्या गिटारला सुंदर म्हणण्यात काय हशील?

मग एकदा संग्रहालय सांभाळणाऱ्या जोनेलने धूळ पुसायला मला उचलले आणि माझ्या पोटात खुळखुळ झाली. काही तरी तुटले म्हणून ती घाबरली. आत काय आहे ते काढून टाकू का, असे विचारायला तिने व्हर्नाला फोन लावला. पलीकडचा आवाज मला फोनमधूनही ओळखू आला.

"खबरदार हात लावाल तर! मी येते."

तोवर तिने या इमारतीत पाऊल टाकले नव्हते. ती आली तो डेल्फीचा वाढदिवस होता, आणि संग्रहालयाच्या दालनातल्या छोट्या मंचावर दरवर्षीप्रमाणे नवी मुले-मुली गात होती. व्हर्नाचे केस पांढरे झाले होते, हातात काठी होती.

"ती शेपटी माझी आहे," ती जोनेलला म्हणाली. "अर्धी गिटार माझी आहे. तुमच्या पाटीवर तसं दिसत नाही."

"मिस व्हर्ना, आम्हाला माहीतच नव्हतं. त्या कधी बोलल्या नाहीत."

"ती कशाला बोलेल? चाळीस वर्षं गायली. एका गाण्यात माझं नाव नाही. विसरली ती मला, दुसरं काय!"

मी आतल्या आत आक्रोश करत होते. मला एवढे मोठे तोंड आहे, पण शब्द नाहीत.

तेवढ्यात एक मुलगी मंचावर गाऊ लागली. व्हर्नाने कपाळाला आठ्या घातल्या. "ही पोरगी अशी कडेला काय उभी राहिलीय? माईक तिकडे आहे ना?"

"तीच तर डेल्फीची ढब!" जोनेल हसली. "सगळेच तसे उभे राहतात. त्या जन्मभर तशाच उभ्या राहिल्या. हे बघा ना."

भिंतीवर फोटो होते. व्हर्ना एकेका फोटोपाशी थांबत गेली. काळ्या केसांची डेल्फी, करड्या केसांची डेल्फी, म्हातारी डेल्फी. प्रत्येक ठिकाणी माईकच्या डावीकडे, मान उजवीकडे कललेली, आणि उजवीकडे एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. शेवटच्या फोटोपाशी व्हर्नाने चष्मा काढला.

"ढब कसली आलीय, बये," ती म्हणाली. "ती माझी जागा आहे."

जोनेलने पाटीकडे पाहिले, व्हर्नाकडे पाहिले आणि कपाट उघडले.

व्हर्नाने माझ्या तारा लावल्या. मग ती मंचावर चढली आणि माईकच्या उजवीकडे उभी राहिली. ओढ्याचे गाणे तिने खालच्या सुरात धरले. लोक गोंधळले. गाणे सगळ्यांना पाठ होते, पण ओळखीची चाल कुठेच ऐकू येईना. मघाची मुलगी पुढे सरकून वरचा सूर लावणार, तोच व्हर्नाने मान हलवली.

"राहू दे, बाळ. एवढं एक तिचं तिला गाऊ दे."

माझ्या पोटातली शेपटी सुरासुराला खुळखुळत होती. माझी मान डावीकडच्या रिकाम्या जागेत घुसली होती. या वेळी कुणीच ओरडले नाही.

मित्रांनो, आता माझ्या कपाटाची एक किल्ली व्हर्नाकडे असते. तुमच्याही घरात कुठे एखादी गिटार, पेटी, बासरी धूळ खात असेल, तर ती खाली काढा आणि वाजवा. नाही आली नीट वाजवता, तरी वाजवा. आणि कुणासाठी मनात जागा राखली असेल, तर ते त्या माणसाला आजच सांगा. सफरचंदे उतरायची वाट पाहू नका.