बाकड्यावरची मतं

सलूनवाल्याच्या दुकानात देश रोज दोनदा सुधारायचा, सकाळी दाढीच्या वेळी आणि संध्याकाळी केस कापताना. बाकड्यावरचे निवृत्त मास्तर, विमा एजंट आणि घरात नकोसा झालेला एक जावई मिळून सरकारची बिनपाण्यानं हजामत करायचे. सलूनवाला कात्रीनं ताल धरायचा.

मग वॉर्डाच्या नगरसेवकानं ही दुकानांची ओळ पाडून तिथं गाड्या लावायला जागा करायचं ठरवलं. बाकडं खवळलं. तुम्हीच उभे राहा, आम्ही आहोत ना, असं म्हणत सगळ्यांनी सलूनवाल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तोही चढला. निवडून आला तर ओळ वाचणार होती, नाहीतर वडिलांपासूनची खुर्ची रस्त्यावर येणार होती.

मतदानाच्या दिवशी सुट्टी. बाकडं सकाळीच भरलं, उरलेले दाराबाहेर उभे. मास्तरांचं म्हणणं पडलं की केंद्राबाहेर फोटो काढतात, तिथं दाढीचे खुंट घेऊन कसं जायचं? ते सगळ्यांना पटलं. ज्याची दाढी झाली तो, सगळे मिळूनच जाऊ म्हणत, पुन्हा बाकड्यावर टेकला. आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सलूनवाल्याच्या रक्तातच नव्हतं.

दुपारी त्याची बायको मत देऊन परस्पर दुकानात आली. बाकडं पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, दुकान बंद करा आणि ह्या सगळ्यांना घेऊन चला आधी."

"अर्ध्या दाढीवर उठवू का गिऱ्हाइकाला?"

जन्मभर लोकांना उद्याची भीती घालून पोट भरलेला एजंट तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला काळजी करता? हे निवडून आल्यातच जमा आहेत. एका मतानं काय होतंय?"

संध्याकाळी शेवटच्या मानेवरची पावडर झटकेपर्यंत केंद्राचं दार लागलं होतं. सगळे चेहरे मात्र कसे गुळगुळीत, फोटो काढावा असे.

सलूनवाला पडला. जितके बाकड्यावर बसतात आणि दाराबाहेर उभे राहतात, जेमतेम तेवढ्या मतांनी.

दुसऱ्या दिवशी सगळे सांत्वनाला आले आणि आलोच आहोत तर म्हणून केसही कापायला बसले. लोकच नालायक, असं मास्तर म्हणाले. मतदानयंत्रातच काहीतरी गडबड असणार, असं जावयाला वाटलं. एजंटाला खरी चिंता निराळी होती, आता केस कापायला जायचं कुठं?

बायको भिंतीवरचा आरसा उतरवत होती. मागे न वळता ती म्हणाली, "ज्याच्या बोटाला शाई आहे, त्यानं बोलावं."

बाकड्यावरचे हात हळूहळू खिशात गेले. इतकी वर्षं चाललेल्या दुकानात पहिल्यांदाच नुसती कात्री ऐकू येऊ लागली. बायको गिऱ्हाइकांना असं बोलली म्हणून सलूनवाल्याला राग आला. तिला चार शब्द सुनवायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात कंगवा धरलेली स्वतःच्या डाव्या हाताची कोरी बोटं त्याला दिसली. त्यानं तोंड मिटलं आणि मास्तरांची मान थोडी खाली वाकवली.