थेंबमामांची साडेनऊ मिनिटं

डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे ज्यांना थेंबमामा म्हणायचे, त्यांचं काम एवढंच होतं: पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे, बाकावर बसवायचं आणि बजावायचं, "मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत." पण समोर आठ-दहा माणसं डोळे मिटून ओळीनं बसलेली असताना गप्प राहणं मामांच्या रक्तातच नव्हतं. ते बोलायला लागत. उठून जायची कुणाची टाप नव्हती. दार कुठं आहे तेच दिसत नसे.

अकरा वर्षांत मामांची जीभ अशी काही तयार झाली, की नंबर पुकारला तरी पेशंट हलेनात. "थांबा हो बाई, यांचं संपू दे," असं एका आजोबांनी सुनावलं तेव्हा डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "मामा, जगभरातल्या मराठी वक्त्यांची स्पर्धा असते म्हणे. तिथं जा एकदाचे, म्हणजे माझा दवाखाना तरी वेळेत बंद होईल!"

मामांनी ते मनावर घेतलं. पहिल्या दोन फेऱ्या व्हिडिओवर होत्या. तपासणीच्या खोलीत फोन उभा करून त्यांनी भाषण ठोकलं. विषय, 'नीट बघा'. बायकोनं हातात घड्याळ धरून तालीम घेतली. आणि बघता बघता मामा अंतिम फेरीत पोहोचले. परदेशात, दोन हजार लोकांसमोर.

नियम कडक होते. पाच मिनिटं झाली की हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. साडेसातच्या वर एक सेकंद गेला की स्पर्धक बाद.

"दिव्यांवर नजर ठेवा," बायकोनं टायचा फास नीट करत बजावलं.

"अगं, नजर हाच तर माझा धंदा," मामा म्हणाले.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. मामा रंगमंचावर आले, समोर पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चार हजार डोळे, सगळे टक्क उघडे आणि सगळे त्यांच्यावर. आजवर समोरच्या गर्दीनं त्यांचं भाषण डोळे उघडे ठेवून कधी ऐकलंच नव्हतं! तिसऱ्या रांगेत बायकोनं पदराचं टोक तोंडात धरलं.

तेवढ्यात मामांना एक युक्ती सुचली. त्यांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढला आणि खिशात टाकला. सभागृह क्षणात विरघळलं. समोर फक्त मऊ, धुरकट ठिपके. मामांच्या जिवात जीव आला.

मग ते जे सुटले! दवाखान्यात चष्मा विसरून आलेल्या एका गृहस्थांनी कोटाच्या खुंटीला वाकून नमस्कार केला आणि "उत्तर देत नाहीत, शिष्ट आहेत," अशी तक्रार केली, ते सांगितलं. सभागृह खदखदून हसलं. हिरवा लागला, पिवळा लागला, लाल लागला. मामांच्या दृष्टीनं काहीच लागलं नाही.

बायको उठून उभी राहिली. आधी एक हात हलवला, मग दोन्ही, मग पर्स. मामांना तिसऱ्या रांगेत एक ठिपका उड्या मारताना दिसला. 'कुणाला तरी फारच आवडलेलं दिसतंय,' म्हणून त्यांनी खास त्या ठिपक्यासाठी आणखी एक किस्सा घेतला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वेळ, नऊ मिनिटं एकतीस सेकंद.

निकालात त्यांचं नाव सोडून सगळ्यांची नावं होती. पहिली आली एक बसचालक बाई.

"मी हात तुटेस्तोवर हलवत होते!" बायको कडाडली.

"ती तू होतीस?" मामा म्हणाले. "मला वाटलं, कुणी रसिक आहे."

बायकोनं रागानं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे गदगदत होते. ती हसत होती. मामांना मात्र हसू येईना.

दुपारच्या जेवणाला विजेती बाई करंडक काखेत मारून त्यांच्या टेबलापाशी आली. आनंदाच्या मिठ्यांमध्ये तिच्या चष्म्याची दांडी वाकली होती. "तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यातले ना? काही करता येईल का हो?"

मामांनी किल्ल्यांच्या जुडग्यातला बारका स्क्रूड्रायव्हर काढला. दांडी सरळ केली, स्क्रू आवळला, नाकावरच्या गाद्या जुळवल्या. ते बघून तिसरा आलेला आला. मग एक परीक्षक. बघता बघता टेबलाभोवती रांग लागली, आणि सगळ्यांचे चष्मे मामांच्या ताब्यात असल्यामुळे जागचं हलणं कुणालाच शक्य नव्हतं.

"तर मघाशी काय सांगत होतो," मामांनी घसा साफ केला.

बायकोनं त्यांच्या पुढ्यातली ताटली शांतपणे आपल्याकडे ओढली आणि खायला सुरुवात केली.